समुद्रात सापडलेल्या नव्या, इवल्याशा कवचधारी जीवाची शरीररचना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘समुद्रात नवी प्रजाती सापडली’ अशी बातमी आली की किनाऱ्यावरच्या फेरीत आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत मला प्रश्नांमागून प्रश्न येतात. बातमीत नाव असतं, फोटो असतो, किती खोल पाण्यात सापडली तेही असतं. ती नवी आहे हे कशावरून ठरवलं, एवढं मात्र बहुतेक वेळा राहून जातं. ते ठरतं शरीराच्या बारकाव्यांवरून, म्हणून इथली उत्तरंही शरीराच्या अंगानेच दिली आहेत. उदाहरणं बरीचशी अँफिपॉड या गटातली आहेत. हा गट मुंबईच्या खडकांवर सहज भेटतो, आणि जगात त्याच्या नव्या प्रजातींची भर अजूनही पडतेच आहे.

अँफिपॉड म्हणजे नेमकं कोण? जवळ्यासारखंच काही का?

कोळंबी, चिंबोरी, शेवंड, जवळा आणि खडकांना चिकटलेले टोकदार बार्नॅकल हे सगळे कवचधारी. अँफिपॉड त्यांच्यातलेच, पण त्यांची शाखा वेगळी. बहुतेक काही मिलिमीटरचे असतात. खोल समुद्रातला अलिसेला जायगँटिया हा अपवाद, तो 34 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. आजवर 10,000हून जास्त प्रजातींची वर्णनं झाली आहेत आणि त्यांतल्या बहुतांश समुद्रातल्या आहेत.

जवळा हाताशी असेल तर फरक लगेच कळतो. जवळ्याचे डोळे देठावर असतात आणि डोकं-छाती एका सलग कवचाखाली झाकलेली असते. अँफिपॉडला ते कवच नाही, त्यामुळे छातीचे खंड एकामागे एक सुटे दिसतात. डोळे थेट डोक्यात बसवलेले असतात. अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं चपटं असतं, म्हणून पाण्याबाहेर काढलं की तो कुशीवर पडतो आणि तसाच सरपटत राहतो. जवळा अंडी पाण्यात सोडून देतो, तर अँफिपॉडची मादी ती पोटाशी घेऊन फिरते.

प्रजाती ‘सापडली’ म्हणजे त्या दिवशी पहिल्यांदा कुणी पाहिली का?

नाही. पुष्कळदा ती मच्छीमारांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली असते, किंवा एखाद्या संग्रहालयाच्या बाटलीत वर्षानुवर्षं पडून असते. विज्ञानाच्या दृष्टीने ती नवी होते ती तिचं वर्णन छापलं जातं तेव्हा. त्या वर्णनात एक नमुना प्रमाण म्हणून नेमावा लागतो, त्याला होलोटाइप म्हणतात. तो कुठल्या संग्रहात ठेवला आहे ते लिहावं लागतं आणि जवळच्या प्रजातींपेक्षा हा जीव कुठे वेगळा आहे ते सांगावं लागतं. पुढे कुणालाही शंका आली तर तो नमुना मागवून पुन्हा तपासता येतो. या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच सोय.

जवळ्याचं उदाहरण घ्या. कोळीवाड्यांत तो कधीपासून वाळत घातला जातोय हे कुणी सांगू शकणार नाही. असेटिस इंडिकस हे शास्त्रीय नाव मात्र त्याला 1830 मध्ये, फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ ऑन्री मिल्न-एडवर्ड्‌स यांच्या वर्णनातून मिळालं.

शरीराचे मुख्य भाग कोणते?

खेकडा, कोळंबी आणि अँफिपॉड दिसायला कितीही वेगळे असोत, खालचा आराखडा एकच: डोक्याचे पाच खंड, वक्षाचे आठ, उदराचे सहा आणि शेवटी पुच्छखंड. अँफिपॉडमध्ये वक्षाचा पहिला खंड डोक्याला जोडला गेलेला असतो, त्यामुळे बाहेरून सातच दिसतात. त्या सातांवर पायांच्या सात जोड्या. उदराच्या पहिल्या तीन खंडांवर पोहण्याच्या केसाळ उपांगांच्या तीन जोड्या आणि शेवटच्या तीन खंडांवर आखूड, टणक उपांगांच्या तीन जोड्या. या मागच्या जोड्यांनी जमीन ढकलून तो उडी मारतो.

डोक्यावर शृंगिकांच्या, म्हणजे मिशांसारख्या स्पर्शांगांच्या, दोन जोड्या असतात. कीटकांना एकच जोडी असते. हातात आलेला सहा-सात मिलिमीटरचा जीव किडा की कवचधारी, हा वाद भिंगाखाली तिथेच मिटतो.

मग पाय मोजून प्रजाती ओळखता येते का?

येत नाही. पायांची संख्या जवळपास सगळ्या अँफिपॉडमध्ये सारखीच असते. वेगळेपण असतं ते पायाच्या घडणीत.

प्रत्येक पायाला सात पेरं असतात. पहिल्या दोन जोड्या चालण्याच्या नसतात, त्या पकडण्याच्या. त्यांचं सहावं पेर फुगून रुंद झालेलं असतं आणि सातवं, म्हणजे टोकाची नखी, त्याच्या कडेवर मिटते. घडीच्या विळीचं पातं पाटावर मिटतं, अगदी तसं. खेकड्याच्या नांगीत दोन बोटं समोरासमोर येतात, इथे तसं नसतं. नखी ज्या कडेवर टेकते तिला तळवा म्हणतात, आणि वर्णनातली पानंच्या पानं या तळव्यावर खर्च होतात. तो सरळ आहे की तिरपा? मध्ये खाच आहे का? काटे किती, ते एका रांगेत आहेत की जोडीजोडीने? नखी मिटल्यावर टोक तळव्याच्या आत राहतं की बाहेर डोकावतं?

एकदा कार्टर रोडच्या खडकांवरून आणलेली शेवाळाची जुडी बशीतल्या समुद्राच्या पाण्यात झटकली, तेव्हा सारख्याच हिरव्या रंगाचे आणि सारख्याच आकाराचे बरेच अँफिपॉड खाली पडले. नुसत्या डोळ्यांना सगळे एक. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली एकाचा दुसरा पाय डोक्याएवढा फुगलेला, शेजारच्याचा बारीक. विद्यार्थ्यांनी उत्साहाने दोन प्रजाती लिहिल्या. पण फुगलेला पाय नराचा होता आणि बारीक मादीचा, बाकीचं सगळं अंग जुळत होतं. म्हणून वर्णनात प्रौढ नर आणि प्रौढ मादी दोघंही तपासलेले असले तर ते भक्कम होतं. एकट्या पिल्लावरून नवी प्रजाती जाहीर करणं धोक्याचंच.

एकाच अंगावर इतके वेगवेगळे पाय कसे तयार होतात?

याचं उत्तर ज्या जीवाने दिलं तो उष्ण समुद्रांच्या किनाऱ्यांवर राहणारा अँफिपॉडच आहे: पारहायाले हवायेन्सिस. प्रयोगशाळेत तो सहज वाढतो, त्यामुळे जगभर अभ्यासासाठी वापरला जातो. त्याचा जिनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए-संच, 2016 मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो माणसाच्या जिनोमपेक्षाही मोठा निघाला.

त्याच सुमारास संशोधकांनी क्रिस्पर या जनुकं कापण्याच्या तंत्राने त्याची हॉक्स जनुकं एकेक करून बंद करून पाहिली. कुठल्या खंडावर कसलं उपांग यायचं ते ही जनुकं ठरवतात. अँफिपॉडच्या चालण्याच्या पायांपैकी पुढच्या दोन जोड्या पुढे वळलेल्या असतात आणि मागच्या तीन मागे. हॉक्स जनुकांपैकी एक बंद पडल्यावर मागे वळणाऱ्या पायांच्या जागी पुढे वळणारे पाय आले. पेरं तीच, दिशा बदललेली. शरीररचना एका बाजूला आणि जनुकं दुसऱ्या बाजूला असं मानणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर समजून घ्यावा.

तोंड इतकं महत्त्वाचं का मानतात?

कारण तोंडाची उपांगं खाण्याच्या सवयीप्रमाणे घडतात आणि जीव कुठल्या कुळातला ते बहुधा तीच सांगतात. शिवाय ती फार सुंदर असतात, हे माझं मत मी लपवत नाही.

तोंडाभोवती एकावर एक रचलेले जबड्यांचे थर असतात. सगळ्यात महत्त्वाचा मुख्य जबडा, म्हणजे जंभ. त्याला पुढे दातेरी कातरणारी कड असते, तिच्यामागे एक छोटी हलती पट्टी, मग काट्यांची रांग आणि आत दळणारी दाढ. काही कुळांत जंभावर तीन पेरांचा एक स्पर्शक असतो, काहींत तो नसतोच. वाळूतल्या उड्या मारणाऱ्या अँफिपॉडना आणि त्यांच्या खडकावरच्या नातलगांना हा स्पर्शक नसतो. म्हणजे एवढ्या एका गोष्टीवरून डझनभर कुळं बाद होतात. शेवाळ खाणाऱ्याची दाढ रुंद आणि खरखरीत, शिकाऱ्याची लहान किंवा झिजल्यासारखी, असा फरकही पुष्कळदा दिसतो.

हे पाहायचं तर जबडे सुटे करावे लागतात. नमुना ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचा, एका हाताच्या बारीक सुईने डोकं दाबून धरायचं आणि दुसऱ्या सुईने बाहेरून आत एकेक थर सोडवायचा. आधी जंभपाद, मग दोन जंभिका, शेवटी जंभ. श्वास जोरात सोडला तरी सुटा झालेला भाग काचेवरून सरकतो. उपांगं शक्यतो एकाच बाजूची काढतात आणि दुसरी बाजू तशीच राखतात, म्हणजे पुढे तपासणाऱ्याला पुरावा उरतो.

बारीक केसांवरून आणि काट्यांवरून वेगळी प्रजाती मानणं हे जरा जास्तच नाही का?

हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण तो काही वेळा बरोबर असतो. शृंगिकेची पेरं वयाबरोबर वाढतात. कात टाकल्यावर काट्यांची संख्या बदलू शकते. झिजलेला काटा आणि मुळातच आखूड काटा एकसारखे दिसतात. म्हणून एखादी खूण विश्वासाची ठरते ती अनेक नमुन्यांत, दोन्ही लिंगांत आणि वेगवेगळ्या वयात टिकली तरच.

पण या बारीक केसांना, म्हणजे दृढरोमांना, नुसते केस समजू नका. त्यांची वर्णनात नोंद होते ती कामामुळे. काही पाण्याची हालचाल टिपतात, काही चव किंवा वास, काही अन्नाचे कण गाळतात आणि काही शृंगिका साफ करतात. पिसांसारखे दृढरोम पोहण्याच्या उपांगांवर असतात, तिथे ते वल्ह्याची रुंदी वाढवतात. त्यांची मांडणी बदलली तर जगण्याची रीतही बदललेली असण्याची शक्यता असते.

श्वास कुठून घेतो? रक्त निळं असतं हे खरं का?

कल्ले छातीखाली, पायांच्या मुळाशी आतल्या बाजूला लोंबतात. पातळ पिशव्यांसारखे असतात ते. उदराची केसाळ उपांगं सतत हलत राहतात आणि त्यांच्यावरून पाणी खेळवत ठेवतात, म्हणून बसून राहिलेला अँफिपॉडही पूर्ण स्थिर कधीच दिसत नाही. आयसोपॉड या त्यांच्या चुलत गटात कल्ल्यांचं काम उदराची उपांगंच करतात.

निळं असतं, पण फिकं. प्राणवायू वाहणाऱ्या द्रव्यात लोहाऐवजी तांबं असतं. हृदय पाठीकडे आणि मज्जारज्जू पोटाकडे, आपल्या अगदी उलट. जिवंत, पारदर्शक नमुन्यात हृदयाची धडधड भिंगातून दिसते, आणि ती पाहिल्यावर मुलं गप्प होतात.

मादी ओळखायची कशी?

पूर्ण वाढलेल्या मादीच्या पायांच्या मुळांपासून पातळ पत्रे आत वाढतात आणि एकमेकांवर येऊन पोटाखाली पिशवी तयार होते. अंडी तिच्यातच फुटतात. बाहेर पडणारं पिल्लू आईसारखंच दिसतं. कोळंबीच्या पिल्लांसारखी पाण्यात वाहत जाणारी अवस्था इथे नसते. नव्या प्रजाती इतक्या का सापडतात याचं एक कारण इथेच दडलं आहे. पिल्लं फार लांब जात नाहीत, मग दोन खाड्यांमधल्या किंवा दोन समुद्री दऱ्यांमधल्या वस्त्या एकमेकींपासून तुटतात आणि वेगळ्या वाटेने बदलत जातात.

अलीकडचं एखादं ठोस उदाहरण सांगा.

डल्सिबेला कमांचाका. 2024 मध्ये वर्णन झालेला अँफिपॉड. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला अटाकामा दरी आहे, तिथे 7,902 मीटर खोलीवर आमिष लावलेल्या सापळ्यांत त्याचे चार नमुने मिळाले. लांबी सुमारे 4 सेंटिमीटर, म्हणजे या गटात चांगलाच मोठा. इतक्या खोलीवरचे ओळखीचे अँफिपॉड बहुतेक मेलेलं खाऊन जगतात. हा मात्र वेगाने पोहून शिकार करणारा निघाला, आणि ते त्याच्या पहिल्या दोन पायांच्या जोड्यांवर लिहिलेलं आहे: भक्कम, पकडीच्या, छोट्या अँफिपॉडना धरण्याजोग्या. शरीररचना आणि डीएनए दोन्हींनी एकच कौल दिला की ही नुसती नवी प्रजाती नाही, प्रजातीही नवी आणि वंशही नवा.

मला या उदाहरणात आवडतं ते असं, की त्या जीवाला तिथे शिकार करताना कुणी पाहिलेलं नाही. पायांची घडण वाचून त्याचं जगणं सांगितलं गेलं आहे.

आता डीएनए तपासता येतो, मग सुया-चिमटे कशाला?

दोन्ही लागतात. डीएनएचा एक ठरावीक तुकडा वाचून दोन नमुने किती जवळचे आहेत ते कळतं आणि दिसायला सारख्या पण आतून वेगळ्या प्रजाती उघड होतात. पण आधी वर्णन झालेल्या हजारो प्रजातींचा डीएनए कुठेच नोंदलेला नाही. एकोणिसाव्या शतकातल्या वर्णनाशी तुलना करायची तर हातात चित्रं आणि जुने नमुनेच असतात. शिवाय तो जीव काय खातो, कसा चालतो हे डीएनएचा तो तुकडा सांगत नाही.

एक व्यवहारी गोष्ट: फॉर्मालिनमध्ये ठेवलेल्या नमुन्याचा डीएनए खराब होतो. दोन्ही तपासण्या करायच्या असतील तर सुरुवातीलाच तीव्र अल्कोहोल वापरावं. अल्कोहोलमध्ये रंग मात्र उडतो, म्हणून जिवंत असतानाच फोटो काढून ठेवावा. हे राहिलं तर नंतर कुठलंही यंत्र मदतीला येत नाही.

फोटो इतके चांगले निघत असताना हाताने चित्र का काढतात?

फोटोत एकाच खोलीचा भाग स्पष्ट येतो. पायाची वक्र कड, तिच्यावरचा काटा आणि मागचा दृढरोम एकाच वेळी दाखवायला रेषा लागते. मायक्रोस्कोपला आरशाची जोडणी असते, तिच्यातून कागद आणि नमुना एकत्र दिसतात आणि पेन्सिल कडेवरून फिरवता येते. चित्र काढताना प्रत्येक सांध्यावर थांबावं लागतं. मोजपट्टी मात्र विसरू नये, ती नसलेलं चित्र तुलनेला निरुपयोगी. आता इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आणि मायक्रो-सीटीही वापरतात. मायक्रो-सीटीने नमुना न कापता आतली रचना दिसते, एकुलता एक नमुना असेल तेव्हा ही मोठीच सोय.

नाव कोण ठेवतं? स्वतःचं ठेवता येतं का?

वर्णन करणारे ठेवतात. नियम आंतरराष्ट्रीय आहेत आणि प्राण्यांच्या नावांची मोजणी स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसच्या ‘सिस्टेमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या 1758च्या आवृत्तीपासून धरली जाते. स्वतःचं नाव देणं शिष्टसंमत नाही. ठिकाणावरून, एखाद्या खुणेवरून किंवा कुणाच्या सन्मानार्थ नाव देतात. पॅसिफिक महासागरातल्या मरियाना दरीतल्या एका अँफिपॉडच्या आतड्यात प्लास्टिकशी जुळणारा तंतू मिळाला, म्हणून 2020 मध्ये त्याचं नाव युरिथेनिस प्लास्टिकस ठेवलं गेलं. इतक्या खोलीवरच्या जीवाला असं नाव द्यावं लागलं, याचं मला दुःख होतं.

मुंबईत हे जीव कुठे पाहता येतील?

हाजी अली, वरळी, कार्टर रोड, वर्सोवा इथल्या खडकाळ किनाऱ्यांवर, शेवाळाच्या जुड्यांत आणि ओल्या दगडांखाली. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास येते, त्यामुळे मोठी ओहोटी सकाळी किंवा संध्याकाळी सहा-सातच्या आसपास मिळते. तेव्हा जा. दगड उचललात तर होता तसाच परत ठेवा, त्याच्या खालची बाजू कुणाचं तरी घर असतं. प्रवाळ दिसला तर हात लावू नका, त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. मरीन लाइफ ऑफ मुंबई या उपक्रमाच्या किनारा-फेऱ्या 2017 पासून होतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने एकट्याने जाण्यापेक्षा अशा फेरीत जावं.

मुंबईत पूर्वी न दिसलेला जीव मिळाला तर तो नवा का?

बहुधा नाही. मुंबई बंदर आणि न्हावाशेवा इथे जगभरची जहाजं येतात. त्यांच्या तळाला चिकटून आणि तोल राखायला भरलेल्या पाण्यातून लहान जीव एका समुद्रातून दुसऱ्यात जातात. त्यामुळे आधी प्रश्न विचारायचा तो हा: हा जीव जगात दुसरीकडे कुठे नोंदलेला आहे का? ते धुंडाळणं हेच कामातलं सगळ्यात वेळखाऊ.

आणि खरोखर नवा ठरलाच, तर भारताच्या 2002च्या जैवविविधता कायद्याच्या 39व्या कलमाप्रमाणे त्याची माहिती नेमलेल्या संस्थेला द्यावी लागते आणि नमुनाही तिथे जमा करावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही अशीच एक संस्था.

वर्णनासाठी जीव मारावाच लागतो का?

इतक्या लहान कवचधारींच्या बाबतीत, हो. जबडे आणि पायांच्या आतल्या कडा जिवंत जीवात पाहता येत नाहीत. म्हणूनच जे घेतले ते वाया जाऊ न देणं ही जबाबदारी आहे: गरजेपुरतेच घ्यायचे, थंड करून किंवा भूल देऊन मग जतन करायचे, आणि चिठ्ठीवर जागा, तारीख, खोली, कुठल्या शेवाळावर मिळाला ते सगळं लिहायचं. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. बिनचिठ्ठीचा नमुना कितीही देखणा असला तरी त्याच्यावरून काही सिद्ध होत नाही.

चावतात का? खातात का?

माणसाला त्रास होईल असे सहसा चावत नाहीत. मुंबईत कुणी ते खात नाही. मासे मात्र भरपूर खातात.

मी मोबाइलवर फोटो काढला आहे. प्रजाती सांगाल का?

प्रजातीपर्यंत बहुधा जाता येत नाही, गट किंवा फार तर कूळ सांगता येतं. तरी पाठवा, पण या पद्धतीने काढून: जीव पांढऱ्या बशीत थोड्याशा समुद्राच्या पाण्यात ठेवा, मोबाइलला क्लिप-भिंग लावा. एक फोटो पूर्ण कुशीचा, शृंगिकांपासून शेपटीपर्यंत. एक डोकं आणि पहिल्या दोन पायांचा जवळून. एक शेपटीकडचा, वरून, पुच्छखंड दुभंगलेला आहे की अखंड ते दिसेल असा. शेजारी मोजपट्टी ठेवा. जागा, वेळ, ओहोटी किती उतरली होती आणि जीव कशावर बसला होता ते लिहा. फोटो झाले की त्याला उचलला त्याच दगडाखाली सोडा.